अस्फटिकी व स्फटिकी फेरोइलेक्ट्रिक पटलांतील प्रकाश-उत्सर्जन

घन पदार्थाचे गुणधर्म त्यातील अणूंइतकेच त्या अणूंच्या मांडणीवरही अवलंबून असतात. लेड टायटनेटच्या पातळ पटलांच्या आधारे हे तत्त्व समजून घेऊ.

१. संज्ञांचा अर्थ
स्फटिकात अणूंची मांडणी ठरावीक क्रमाने दूरवर पुनरावृत्त होते. अस्फटिकी पदार्थात असा दूरगामी क्रम नसतो. ज्या स्फटिकात विद्युत ध्रुवण आपोआप निर्माण होते आणि बाह्य विद्युत क्षेत्राने त्याची दिशा उलटवता येते, त्यास ‘फेरोइलेक्ट्रिक’ म्हणतात. ‘फेरो’ म्हणजे लोह. परंतु या पदार्थांत लोह असलेच पाहिजे असे नाही. लोहचुंबकत्वाशी असलेल्या साम्यावरून हे नाव रूढ झाले. लेड टायटनेटचा स्फटिक सुमारे ४९० अंश सेल्सिअसखाली हा गुण दाखवतो. अस्फटिकी पटलाचे घटक तेच असले, तरी त्यात हा गुण नसतो.

२. निरीक्षण
धातूंची संयुगे, सायट्रिक आम्ल व एथिलीन ग्लायकॉल यांपासून केलेल्या राळेसारख्या द्रवाचा थर आधारपट्टीवर देऊन तो तापवतात. तापमान कमी ठेवल्यास पटल अस्फटिकी राहते. वाढवल्यास ते स्फटिकी होते. अशा अस्फटिकी पटलावर ४८८ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर सोडला असता ते सामान्य तापमानालाही दृश्य प्रकाश उत्सर्जित करते. पूर्ण स्फटिकीभवन होताच हे उत्सर्जन जवळजवळ मावळते.

३. कारणमीमांसा
या लेसरच्या प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे २.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. सुव्यवस्थित स्फटिकात इलेक्ट्रॉनला वरच्या पट्टात जाण्यासाठी ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक ऊर्जा लागते. म्हणून हा प्रकाश फारसा शोषला जात नाही. स्फटिकात प्रत्येक टायटॅनियम अणूभोवती सहा ऑक्सिजन अणू असतात. अस्फटिकी पटलात मात्र काही ठिकाणी पाचच असतात, असे संशोधक मानतात. अशा अपूर्ण रचनांमुळे दोन पट्टांच्या दरम्यान मधल्या ऊर्जापातळ्या निर्माण होतात. त्यांच्यामुळे शोषण शक्य होते आणि परतणारे इलेक्ट्रॉन प्रकाश देतात. या पातळ्या विविध असल्याने उत्सर्जित प्रकाशाचा वर्णपट रुंद असतो.

यावरून अव्यवस्था जितकी अधिक तितका प्रकाश अधिक, असा निष्कर्ष काढू नये. तीव्र उत्सर्जनासाठी काही अंशी क्रम व काही अंशी क्रमभंग, दोन्ही आवश्यक असतात.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
स्फटिकीभवन पूर्ण होताच पटलाचे उत्सर्जन का मावळते, ते ऊर्जापातळ्यांच्या आधारे पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.