काचपेटींतील शेजार

आमच्या एका विद्यार्थ्यानें गोदावरींतील मरळाचें पिलूं हौसेनें गप्पी माशांत आणून सोडलें. थोड्याच दिवसांत पेटींत तें एकटेंच उरलें! यावरून पहिला नियम ध्यानांत यावा: जो मासा दुसऱ्याच्या तोंडांत मावतो, तो त्याचा सोबती होऊं शकत नाहीं.

दुसरा नियम पाण्याचा. नांदेड-लातूरकडील विंधन विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. तें गप्पी व मॉली यांस मानवतें. परंतु ॲमेझॉन खोऱ्यांतील निऑन टेट्रा मृदु पाण्यांतला असल्यामुळें येथें कष्टी होतो.

तिसरा नियम स्वभावाचा. टायगर बार्ब हा गप्पीचें लांब शेपूट कुरतडतो. म्हणून त्यांस एकत्र ठेवूं नये. गप्पींतही एका नरामागें दोन-तीन माद्या असाव्या, म्हणजे एकाच मादीचा छळ होत नाहीं.

एप्रिल २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें, हें आपण विसरूं नये. मासे थोडे ठेवावे, म्हणजे पाणी लवकर घाण होत नाहीं. आणि बदललेलें पाणी झाडांस घालावें. गप्पी डासांच्या अळ्या खातो खरा, तरी वाढलेलीं पिलें नदींत सोडूं नयेत; परका मासा तेथील माशांचा घास हिरावतो.

मुक्या जिवांचे शेजारी आपण निवडतों. तेव्हां त्यांच्या सुखदुःखाचा भारही आपल्याच शिरीं असतो.