‘खटकन्’ आणि ‘खडखड’ : मोटारसायकलच्या पुढील भागातील आवाजाचे निदान

पुणे–बेंगळूर महामार्गावर, कराडला लागून असलेल्या मलकापुरात मोटारसायकल दुरुस्तीस आणणारा मनुष्य बिघाडाचे वर्णन बहुधा एका शब्दात करतो. “मिस्त्री, पुढनं खटखट वाजतंया” एवढे सांगून तो थांबतो. त्यावर जाणत्या कारागिराचा पहिला प्रश्न आवाज कसा आहे असा नसतो; “कवा वाजतंया? ब्रेक दाबल्यावर, का खड्ड्यात?” असा असतो. हा प्रश्न यंत्रशास्त्राच्या दृष्टीने जितका योग्य, तितकाच भाषाशास्त्राच्या दृष्टीनेही उद्बोधक आहे.

मराठीतील अनुकरणवाचक शब्द नाद तर सांगतातच. परंतु त्याहून नेमकेपणाने ते काल सांगतात. ‘खटकन्’ हा एकदाच घडून संपणारा आघात. ‘खटखट’ या अभ्यस्त रूपात तोच आघात पुनःपुन्हा होतो. ‘खडखड’मध्ये ‘ट’च्या जागी ‘ड’ येताच आघाताची धार जाऊन सैल वस्तूंची थरथर ऐकू येते, आणि ‘घरघर’मध्ये सुटे आघात उरतच नाहीत. एमेनो यांनी १९६९ साली अशा शब्दांकडे भारतीय भाषाक्षेत्राचे एक समान लक्षण म्हणून लक्ष वेधले. मराठी भाषकाला मात्र हे भेद शिकवावे लागत नाहीत. ते त्याच्या जिभेवरच असतात. गिऱ्हाइकाने घाईत योजलेला शब्द म्हणूनच तुच्छ लेखू नये.

पुढचा ब्रेक दाबताच ‘खटकन्’ आणि सोडताच पुन्हा ‘खटकन्’ होत असेल, तर संशय प्रथम कोनसेटवर, म्हणजे हँडलच्या मानेतील वरच्या व खालच्या बेअरिंगांवर जातो. ब्रेकने चाक अडते, गाडीचा भार पुढे रेटला जातो, आणि सैल बेअरिंगमधील पोकळी एका धक्क्यात मिटते. खडबडीत रस्त्यावरची ‘खडखड’ ब्रेकला नुसते बोट लावताच थांबत असेल, तर कॅलिपरमधील सैल ब्रेकपॅड पाहावेत. गतिरोधक ओलांडल्यावर, शॉकअप परत उघडताना आघात होत असेल, तर त्यातील तेल कमी झाले असण्याचा संभव असतो. वेगाबरोबर वाढणारी ‘घरघर’ बहुधा चाकाच्या बेअरिंगची.

तथापि शब्दाची मर्यादा येथेच येते. तो ‘केव्हा’ सांगतो, ‘कोठे’ सांगत नाही. कोनसेट सैल झाला काय किंवा शॉकअपमधील बुश झिजले काय, ब्रेक दाबल्यावर होणारे ‘खटकन्’ एकच. पोलादी नळ्यांतून आवाज सर्वत्र पसरत असल्यामुळे कानही फसतो. शब्दावर विसंबून शॉकअप खोलला जातो, पैसे खर्च होतात, आणि गिऱ्हाईक ढेबेवाडी रस्त्याने घरी पोहोचण्यापूर्वीच तोच आवाज परत येतो. पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी की, सैल मानेची गाडी तोवर महामार्गावरील उसाच्या ट्रॉल्यांमधून धावत असते.

येथे बोट उपयोगी पडते. गाडी सपाट जागी उभी करून पुढचा ब्रेक घट्ट धरावा आणि ती मागे-पुढे हलवावी. त्याच वेळी दुसऱ्याने हँडलची मान व खालचा जोड यांच्यामधील फटीवर बोट ठेवावे. तेथे टिचकी जाणवली तर दोष कोनसेटचा. शॉकअपची चकचकीत नळी जेथे खालच्या भागात शिरते तेथे जाणवली तर बुशचा. खात्रीसाठी पुढचे चाक जमिनीपासून उचलून शॉकअप खालच्या टोकाशी धरून पुढे-मागे ओढून पाहतात. त्यापूर्वी मडगार्ड, हेडलाइट व केबली तपासणे बरे. ‘मोठा’ बिघाड पुष्कळदा एका ढिल्या स्क्रूचाच निघतो.

कोनसेट आवळल्याने आवाज गेला, तरी काम संपत नाही. चाक अधांतरी असताना हँडल दोन्ही बाजूंना सहज वळले पाहिजे. बरोबर मध्यावर ते किंचित अडखळत असेल, तर वाट्यांत गोळ्यांचे खळगे पडलेले असतात व संपूर्ण संच बदलावा लागतो. आणि नट गरजेपेक्षा अधिक आवळला गेला, तर दोष राहतो पण वाजत नाही. त्याला अनुकरणवाचक शब्दच मिळत नाही. मग गिऱ्हाईक एवढेच म्हणतो, “गाडी सरळ जात न्हाई.”