लाजाळू खरोखर लाजते काय?



सजीव कोण, असे विचारले की शाळेतील मुलगा पाठ केलेले उत्तर देतो : जो उद्दीपनास प्रतिसाद देतो तो सजीव. उत्तर बरोबर आहे. तरी त्याला पूर्ण गुण देताना माझा हात जरा अडखळतो. बाहेरून कोणी कळ दाबावी आणि आतून ठरलेली हालचाल व्हावी, एवढाच अर्थ मुले त्यातून घेतात. दारावरची विजेची घंटाही एवढे करतेच की! सजीवाचा प्रतिसाद याहून निराळा कसा, हे पाहावयाचे तर कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात बांधोबांध पसरणारी लाजाळू पुरेशी आहे.

हे झुडूप मूळचे आपल्याकडचे नव्हे. ते मध्य व दक्षिण अमेरिकेतले. त्याच्या पानाला बोट लावताच समोरासमोरची दले जोडीजोडीने मिटत जातात आणि धक्का जोराचा असला, तर सबंध पान देठासह खाली मान टाकते. वनस्पतीला स्नायू नाहीत. मग हे घडते कसे? प्रत्येक दलाच्या आणि देठाच्या बुडाशी एक बारीक फुगीर गाठ असते. तिच्यातील पेशी पाण्याने टच्च भरलेल्या असतात, म्हणून पान ताठ राहते. धक्का बसला की देठाच्या गाठीतील खालच्या बाजूच्या पेशींतून पोटॅशियम व क्लोराइड यांचे विद्युतभारित कण बाहेर पडतात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. खालची बाजू सैलावते, वरची ताठच राहते. साहजिकच देठ झुकतो. मिटण्यास एक-दोन क्षण लागतात. पाणी पुन्हा भरून पान उलगडण्यास मात्र दहा-वीस मिनिटे जातात.

एका दलाची वार्ता दुसऱ्यास कोण पोहोचविते, हा प्रश्न आचार्य जगदीशचंद्र बसूंनी हाती घेतला. हा विद्युत्संदेश आहे आणि त्याचे वर्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंतील संदेशासारखे आहे, असे त्यांनी १९२६ साली ग्रंथरूपाने मांडले. ‘मज्जातंतू’ हा शब्द पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रज्ञांतील अनेकांना रुचला नाही, आणि वनस्पतीला मज्जातंतू नाहीत हे खरेच आहे. पण पानातून विद्युत्तरंग धावतो, याविषयी आज शंका उरलेली नाही. २०२२ साली जपानमधील संशोधकांनी त्या तरंगाबरोबर कॅल्शियमची लाट पानातून सरकताना प्रत्यक्ष दाखविली. त्याच वेळी त्यांनी मिटू न शकणारी रोपे तयार करून नाकतोड्यांपुढे ठेवली, तेव्हा ती मिटणाऱ्या रोपांहून अधिक खाल्ली गेली. तेव्हा हे लाजणे नव्हे. हा बचाव आहे.

आणि बचावाला किंमत पडते. मिटलेल्या पानाला ऊन पुरेसे मिळत नाही आणि अन्न तयार करण्यात खंड पडतो. वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकीला मिटत बसणारे झाड उपाशी राहील. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या मोनिका गॅग्लियानो यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०१४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने मोठा मनोवेधक आहे. त्यांनी कुंड्या १५ सेंटिमीटर उंचीवरून मऊ गादीवर पुनःपुन्हा पाडल्या. आरंभी पाने मिटली. पुढे ती उघडीच राहू लागली. झाडे थकली म्हणावे, तर निराळ्या प्रकारे हलविताच ती तत्काळ मिटली! कमी उजेडात वाढविलेली रोपे हे लवकर शिकली, आणि सुमारे महिन्यानंतरही तो परिणाम टिकून होता. याला ‘शिकणे’ म्हणावे काय, यावर काही शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला आहे. तो वाद रास्त आहे. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की धक्का तोच, पण झाडाची आतली स्थिती बदलली की उत्तर बदलते.

आतली स्थिती म्हणजे केवळ भूक नव्हे. लाजाळू रात्री कोणी न शिवताही मिटते. ‘अंधार पडला म्हणून,’ असे आपण सहज म्हणू. दमेरां या फ्रेंच विद्वानाने १७२९ साली अशीच स्पर्शाला मिटणारी वनस्पती दिवसाही अंधारात ठेवली, तरी तिची पाने दिवसा उघडतच राहिली. पुढे १८३२ साली दकांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने लाजाळू अखंड प्रकाशात ठेवल्याचे नमूद केले. तिची उघडझाप चालूच राहिली; मात्र एक फेरा २४ तासांऐवजी २२-२३ तासांत पुरा होऊ लागला. ही वेळ बाहेरच्या सूर्याची नव्हती. ती झाडाच्या आतल्या घड्याळाची होती. असे घड्याळ माणसातही आहे, आणि फळमाशीत ते कसे चालते हे शोधणाऱ्या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दकांदोलने आणखी एक गंमत केली. दिवसा त्याने रोपे अंधारात ठेवली आणि रात्री त्यांच्यापुढे दिवे लावले. पहिले काही दिवस रोपे गोंधळली. अवेळी उघडू लागली, अवेळी मिटू लागली. मग त्यांनी आपले घड्याळ फिरविले आणि ती रात्री जागून दिवसा निजू लागली.