रात्रभर चालणारा ‘सवाई’ आता दहालाच का थांबतो? कोल्हारहून जाणाऱ्या मित्रांनी काय लक्षात घ्यावे?

डिसेंबर जवळ आला की पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जाण्याचे बेत गावोगावच्या मित्रमंडळींत शिजू लागतात. प्रवरेकाठच्या कोल्हारहून पुणे साधारण पावणेदोनशे किलोमीटर. चौघे मित्र, एक गाडी, डिझेल आणि तिकिटाची वर्गणी, हा हिशेब पटकन जुळतो. अडते ते एकाच प्रश्नावर: रात्री दहाला गाणे संपल्यावर जायचे कुठे? एके काळी हा प्रश्न पडतच नसे, कारण मैफल रात्रभर चालायची.

महोत्सव कधी सुरू झाला?

किराणा घराण्याचे गायक रामभाऊ कुंदगोळकर म्हणजेच सवाई गंधर्व यांचे १९५२ मध्ये निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून पुण्यात हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ त्याचे आयोजन करते. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर हे भीमसेनजींचे गुरुबंधू-भगिनीही या मंचावर गात. २०११ मध्ये भीमसेनजी गेले आणि महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव आले. रमणबागेच्या मैदानावर अनेक वर्षे रंगलेला हा महोत्सव २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्याचे ७० वे पर्व झाले.

दहाची मर्यादा आली कुठून?

केंद्र सरकारने २००० मध्ये ध्वनिप्रदूषण नियम लागू केले. त्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागेवर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहाला सवलत आहे, मांडवाला नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत मुभा देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही चौकट कायम ठेवली.

म्हणूनच ‘सवाई’च्या वेळापत्रकात अलीकडे शनिवार वेगळा दिसतो. २०२४ मध्ये पहिले तीन दिवस दुपारी ३ ते रात्री १०, शनिवारी दुपारी ४ ते रात्री १२ आणि रविवारी दुपारी १२ ते रात्री १० अशी सत्रे होती.

हा नियम एकट्या ‘सवाई’ला नाही. यात्रेतला तमाशा, सप्ताहातले कीर्तन, गणपतीचा मंडप, सगळ्यांना तो लागू आहे. पौषात भगवतीमातेची यात्रा भरवणाऱ्या कोल्हारकरांना दहाच्या ठोक्याला बंद होणारा कर्णा नवा नाही. नियमाची दुसरी बाजूही खरी आहे. मांडवाशेजारी आजारी माणूस असतो, परीक्षेचा विद्यार्थी असतो, पहाटे कामावर निघणारा कामगार असतो. त्यांच्या झोपेचा हक्क न्यायालयाने मान्य केला.

नेमके काय हरवले?

हिंदुस्थानी संगीतात रागांना वेळ असते. मारवा, पूरिया सायंकाळचे. दरबारी, मालकंस उतररात्रीकडे झुकणारे. ललित, भैरव पहाटेचे आणि तोडी सकाळची. रात्रभराच्या मैफलीत श्रोता एका जागी बसून हे चक्र ऐकत असे आणि शेवटी भीमसेनजींचे गाणे ऐकून उजाडत्या पुण्यात बाहेर पडत असे. आता पहाटेचे राग या वेळापत्रकात बसत नाहीत.

दुसरा तोटा फारसा बोलला जात नाही. रात्रभराची मैफल हाच गावाहून आलेल्या माणसाचा मुक्काम होता. संध्याकाळी एसटीने यायचे, बैठकीवर शाल पांघरून ऐकायचे, मध्येच डुलकी काढायची आणि सकाळच्या गाडीने गाव गाठायचे. लॉजचा खर्चच नसे. पुण्यात राहणाऱ्याला दहाला संपलेली मैफल सोयीची वाटते. कोल्हारच्या माणसाला मात्र तिकिटाइतकाच, काही वेळा त्याहून जास्त, खर्च मुक्कामावर करावा लागतो.

मग चौघांनी बेत कसा आखावा?

पाचही दिवस जमणार नसतील तर शनिवार-रविवार सर्वांत किफायतशीर. एकाच रात्रीच्या मुक्कामात दोन दिवसांची लांबलचक सत्रे पदरात पडतात. रविवारी दुपारी सुरुवात होत असल्याने सारंगाचे प्रकारही ऐकायला मिळू शकतात. खोली आधी, तिकीट नंतर, हा क्रम पाळावा. स्वारगेट परिसरात खोली मिळाल्यास मुकुंदनगर हाकेच्या अंतरावर आहे.

एसटीने जाणाऱ्यांनी शिवाजीनगरहून स्वारगेटपर्यंत मेट्रो धरावी. हा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ पासून पूर्ण सुरू आहे. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र निघण्यापूर्वीच विचारून ठेवावी.

‘दहाला निघू, दोनपर्यंत घरी’ हा बेत टाळलेलाच बरा. डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. नगर-मनमाड रस्ता असो की संगमनेरहून लोणीमार्गे येणारी वाट, रात्री उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतातच. मागे परावर्तक नसलेली ट्रॉली अंधारात अगदी जवळ गेल्यावर दिसते. दिवसभर ऐकून पेंगुळलेल्या चालकासाठी हा धोका मोठा. सोमवारी गव्हाला पाण्याची पाळी असेल किंवा कामावर हजर राहायचे असेल, तर रविवारी शेवटच्या कलाकाराचा मोह सोडून संध्याकाळीच निघावे. तसे न जमल्यास आणखी एक रात्र थांबावे. हा निर्णय कोल्हारमध्येच, चौघांच्या संमतीने व्हावा. मांडवात बसल्यावर ‘अजून एकच’ म्हणणारा मित्र प्रत्येक गटात असतो.

मांडवात काय सांभाळावे?

भारतीय बैठक खुर्चीपेक्षा स्वस्त आणि चौघांना एकत्र बसायला सोयीची. रात्री गारठा जमिनीतून चढतो, म्हणून शाल आणि बसायला जाड आसन सोबत हवे. ख्याल रंगात आला असताना उठू नये. बाहेर जायचे तर दोन कलाकारांच्या मधल्या वेळेत जावे. सगळ्यांना सगळेच आवडेल असे नाही. एखाद्याला वादन कंटाळवाणे वाटले तर त्याने बाहेर स्टॉलवर चहा घ्यावा. भेटण्याची जागा आणि वेळ आधी ठरलेली असली म्हणजे झाले, कारण गर्दीत फोन लागेलच असे नाही.

पहाटेचा राग ऐकायचा तर?

त्यासाठी बंदिस्त सभागृहातली किंवा सकाळी सहानंतर सुरू होणारी मैफल शोधावी लागेल. उघड्या मांडवात ललित ऐकत उजाडताना पाहणे नियमाच्या चौकटीत आता शक्य नाही. त्या रात्री अनुभवलेली माणसे कोल्हारसारख्या गावांतही आहेत. जाण्याआधी त्यांच्यापैकी कुणाशी तरी बोलून जावे. आपण ऐकणार आहोत तो महोत्सवाचा किती भाग आहे, हे त्यावरून कळेल.