रांझीच्या गच्चीवरून क्षितिजालगतचा चंद्र

कोजागिरीचं दूध आटेपर्यंत चंद्र बराच वर आलेला असतो आणि मोबाइलात उतरतो तो नुसता पांढरा ठिपका. तांबूस, किंचित चपटा, घरांच्या रांगेला टेकलेला चंद्र हवा असेल, तर दिवस मावळायच्या आधीच गच्ची गाठावी. माझा कौल तर पौर्णिमेला नाही, आदल्या दिवसाला. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पूर्वेच्या धुरकट पट्ट्यातून बाहेर पडेस्तोवर घरं काळी पडतात. चतुर्दशीचा अर्धा-पाऊण तास आधी येतो, त्यामुळे चंद्र आणि वस्ती एकाच एक्स्पोजरमध्ये सापडतात. संकष्टीचा चंद्र काळोखात उगवतो. त्याला सांभाळावं तर वस्ती जाते.

दिनदर्शिकेत मुंबईची वेळ छापलेली असेल, तर जबलपूरच्या रांझीत चंद्र सरासरी अर्धा तास आधी उगवतो, कारण जबलपूर मुंबईच्या सात अंश पूर्वेला आहे. कोजागिरीला तो साधारण पूर्वेला दिसतो. जूनची पौर्णिमा मात्र आग्नेयेकडे सरकते, डिसेंबरची ईशान्येकडे.

क्षितिजाशी आपण चंद्राबरोबर हवाही टिपत असतो. डोक्यावरच्या तुलनेत तिथे प्रकाश सुमारे ३८ पट हवेतून येतो. १० अंशांवर साडेपाच पट. निळा प्रकाश वाटेतच विखुरतो, तांबडा उरतो. हवा प्रकाशाला वाकवते तीही इतकी, की चंद्र क्षितिजावर टेकलेला दिसतो तेव्हा प्रत्यक्षात तो पुरता खाली असतो. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून तो चपटा. मोठा मात्र तो मुळीच नसतो. उलट माथ्यावरच्या चंद्रापेक्षा दीडेक टक्क्यानं लहानच. तो मोठा दिसावा, तर आपण मागे जायचं. एक मीटर रुंद वस्तू ११५ मीटरवरून चंद्राएवढी दिसते. म्हणजे पाच मीटर रुंदीची पाण्याची टाकी पावणेसहाशे मीटरवरून चंद्राशी बरोबरी करील.

रांझीत एक पथ्य आहे. जवळच खमरियाची आयुध निर्माणी आणि वाहन निर्माणी आहे. संरक्षण कारखान्यांच्या भिंती, मनोरे चौकटीत येऊ देऊ नयेत. टाकी किंवा पिंपळ पुरे.

वर आलेल्या पूर्ण चंद्राला आयएसओ १००, एफ ८ आणि १/२०० सेकंद चालतं. पाच अंशांवर तीन-चार स्टॉप उजेड कमी होतो, म्हणून १/२० पासून सुरुवात करावी. कॅमेरा ट्रायपॉडवर, फोकस हाती, शटर टायमरवर.

ग्रहांना हीच हवा जास्त छळते. दुर्बिणीतून खाली उतरलेल्या शुक्राला वर निळसर-हिरवी आणि खाली लाल कड येते. तपशील हवे असतील तर गुरू उंच येईपर्यंत थांबावं. २१ डिसेंबर २०२० ला मात्र थांबायची सोय नव्हती: गुरू आणि शनी अवघ्या सहा कलांच्या अंतरावर, म्हणजे चंद्रबिंबाच्या पाचव्या भागाइतके जवळ आले होते, आणि तेही सूर्यास्तानंतर नैर्ऋत्येला मावळत्या वाटेवर. दोन ठिपके वेगळे दाखवायला २०० मिमीची लेन्स पुरत होती. कडी दाखवायला दुर्बीणच हवी. बुधाचं तर नेहमीच असं. तो सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे काळोख पडेपर्यंत तो क्षितिजाशी उतरलेला असतो. त्याला लाल फिल्टर लावून कृष्णधवल टिपलं, की रंगीत कडांचा उपद्रव बराच कमी होतो.