पहिला नंबर कसा जातो

1962 साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या दर दोन मोटारींपैकी एक जनरल मोटर्सची होती. वाटा याहून वाढला तर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली सरकार कंपनीचे तुकडे करील, ही तिच्या संचालकांची त्या काळातली खरी चिंता. जपानी मोटारींची धास्ती कुणालाच नव्हती. टोयोटाने 1957 मध्ये कॅलिफोर्नियात उतरवलेली पहिली मोटार तिथल्या हमरस्त्यांच्या वेगापुढे टिकली नव्हती. आज अमेरिकेत दर सहा मोटारींमागे साधारण एक जनरल मोटर्सची असते. 2021 मध्ये चिपच्या टंचाईत एका वर्षापुरता का होईना, तिचा मायदेशातला पहिला क्रमांकही टोयोटाने घेतला. 1931 नंतर असं प्रथमच घडलं.

अमेरिका, चीन आणि भारत या तिन्ही बाजारांचा गेल्या सहा दशकांचा इतिहास वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. पहिल्या क्रमांकाची कंपनी ज्या गिऱ्हाइकाला किरकोळ समजते, तिचा वाटा त्याच दाराने बाहेर पडतो.

लहान गाडीचं गिऱ्हाईक

डेट्रॉइटला मोठ्या गाडीत नफा जास्त मिळे. विद्यार्थी, नवी नोकरी लागलेला तरुण, घरात दुसरी गाडी हवी असलेलं कुटुंब, यांच्यासाठी मन लावून गाडी बनवण्यात कुणाला रस नव्हता. 1973 च्या तेलसंकटात पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, तेव्हा हेच लोक होंडा, टोयोटा आणि दात्सुनकडे गेले. 1981 मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपानने निर्यातीवर वर्षाला 16 लाख 80 हजार मोटारींची मर्यादा मान्य केली. या कुंपणाचा परिणाम उलटा झाला. संख्या वाढवता येईना, म्हणून जपान्यांनी अधिक किमतीच्या गाड्या पाठवल्या. शिवाय कारखानेच अमेरिकेत उभे केले. ओहायोतल्या मेरिसव्हिल इथे होंडाची मोटार 1982 मध्येच बाहेर पडली.

एक सुझुकी, तीन देश

लहान गाडी बनवण्यात जन्म घालवलेली सुझुकी मात्र 2012 मध्ये अमेरिकेच्या मोटारबाजारातून आणि 2018 मध्ये चीनमधून बाहेर पडली. दोन्हीकडे लोकांना मोठ्या गाड्या हव्या होत्या. तीच कंपनी भारतात राज्य करते.

इथे तिच्यासमोर कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी आणि बंगालमधल्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर होती. बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहण्याची लोकांना सवय लागली होती. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली गेली आणि दीड दशकात शंभरातल्या ऐंशीच्या आसपास गाड्या मारुतीच्या झाल्या. सरकारचा आधार होताच. पण सुटे भाग बनवणारे व्हेंडर कंपनीने भागीदारीत उभे केले, तालुक्याच्या गावापर्यंत वर्कशॉप नेलं. नव्या माणसाला गाडी घेताना ‘पार्ट मिळतील का?’ हा पहिला प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर मारुतीकडे तयार होतं.

1998 मध्ये ह्युंदाईची सँट्रो आणि पुण्यात बनलेली टाटांची इंडिका आली, तेव्हा या वाट्याला पहिली गळती लागली. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आलं. त्यानंतर सगळ्या कंपन्यांचे आराखडे त्या मापात बसू लागले. मग सुरक्षितता आणि प्रदूषणाचे नियम कडक झाले, लहान गाडी महागली आणि थोडे पैसे घालून उंच एसयूव्ही घेणं लोकांना परवडू लागलं. हे गिऱ्हाईक टाटा आणि महिंद्रांनी आधी ओळखलं. 2019-20 मध्ये निम्म्याच्या वर असलेला मारुतीचा वाटा तीन वर्षांत 41 टक्क्यांच्या आसपास आला. 2024 मध्ये देशातली सर्वाधिक खपाची गाडी टाटा पंच ठरली. चार दशकांत हा मान मारुतीबाहेर गेला नव्हता.

चीनमध्ये हेच बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत घडलं. फोक्सवॅगन 1980 च्या दशकात शांघायमध्ये गेली आणि दीर्घकाळ अव्वल राहिली. 1995 मध्ये शेन्झेनला बॅटऱ्या बनवू लागलेली बीवायडी मोटारींत उतरली ती 2003 मध्ये. इंजिनाच्या कसबावर विसंबलेल्या परदेशी कंपन्यांनी तिला मोजलं नाही. 2023 मध्ये तिने फोक्सवॅगनला मागे टाकलं.

तळेगाव

या साऱ्या उलथापालथीची किंमत मावळातल्या तळेगावात मोजली गेली. जनरल मोटर्सचा तळेगाव कारखाना 2008 मध्ये सुरू झाला. भारतात तिने आधी ओपेल हे नाव चालवलं, मग शेव्हरोले. आधी देवूच्या गाड्या विकल्या, मग चिनी भागीदाराच्या. भारतीय गिऱ्हाइकासाठी एकच वाट धरून कंपनी चाललीच नाही. 2017 च्या अखेरीस तिने इथली विक्री थांबवली, तेव्हा तिचा वाटा एक टक्क्याहून कमी होता. निर्यातीसाठीचं उत्पादनही डिसेंबर 2020 मध्ये बंद झालं. चीनच्या ग्रेट वॉलने कारखाना घ्यायचं ठरवलं होतं, पण सरकारी मंजुरी न मिळाल्याने 2022 मध्ये तो व्यवहार बारगळला. 2023 मध्ये ह्युंदाईने करार केला आणि 2025 मध्ये तिथून पुन्हा गाड्या निघू लागल्या. मधल्या काळात हजाराहून अधिक कामगारांनी नोकरी गमावली आणि हक्कासाठी न्यायालयाची पायरी चढली.

मोटार कंपन्यांना महाराष्ट्र जमीन, वीज आणि करांत सवलती देतो. त्या देताना कंपनी कोणत्या देशाची, हे पाहणं पुरेसं नाही. गाडीचा आराखडा इथे होणार का, चाकणचे किती व्हेंडर तिच्याबरोबर वाढणार, आणि उद्या ती निघून गेली तर कामगारांचं काय, ही उत्तरं करारात लेखी असायला हवीत. साठ वर्षांत या तिन्ही बाजारांत पहिल्या नंबरच्या कंपनीचाही वाटा अढळ राहिलेला नाही. तेव्हा एखाद्या कंपनीच्या वाट्याच्या भरवशावर हजारो घरांचा संसार उभा करणं हा धोका आहे, आणि तो एकट्या कामगाराच्या माथी मारणं अन्याय आहे.