पोरीच्या बंदुकीला दुर्बीण हवीच का?

'वहिनी, पोरीच्या बंदुकीले दुर्बीण कोनती घ्याव वो? कापसाचे पैसे हातात हायेत तवरच घेऊन टाकू म्हनते.' दारव्ह्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या ताईंनी असं विचारलं, तेव्हा आधी मला कौतुकच वाटलं. छऱ्याची बंदूक म्हणजे नवरात्रात यवतमाळला फुगे फोडायची, एवढीच आपल्या बायकांची तिच्याशी ओळख. आता लेक नववीत शाळेच्या एअर रायफल संघात निवडली जाते आणि आई दुर्बिणीचे भाव काढते! शहरातल्या एका दुकानदाराने तर त्यांना तीन-तीन दुर्बिणी दाखवल्या होत्या, एकीपेक्षा एक महाग.

कॉलेजात एनसीसीत असताना रायफल हाताळलेली असल्यामुळे मी ताईंना एकच विचारलं, 'पोरगी स्पर्धेत खेळणार आहे ना? मग दुर्बीण घेऊच नका.'

मैत्रिणींनो, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. ऑलिम्पिकमध्ये 10 मीटर एअर रायफलचा जो प्रकार असतो, त्यात बंदुकीवर दुर्बीण चालत नाही. मुंबईच्या अंजली भागवत 2000 साली सिडनीत आणि सुमा शिरूर 2004 साली अथेन्सला अंतिम फेरीत पोहोचल्या, त्या दुर्बिणीशिवाय. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली, तीही दुर्बिणीशिवायच!

मग नेम धरतात कशाने? 'पीप साइट'ने. डोळ्याजवळ एक चकती असते, तिला बारीकसं छिद्र. नळीच्या पुढच्या टोकाला एक कडं. छिद्रातून बघायचं, ते कडं दिसतं आणि कड्याच्या मधोमध निशाणाचा काळा गोल आणायचा. गोलात गोल बसला की श्वास रोखून घोडा हळूच दाबायचा. सुईत दोरा ओवताना आपण जसा श्वास धरतो ना, अगदी तसं. दहा गुणांचा ठिपका असतो केवळ अर्धा मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहून लहान. 2018 पासून बायकांनाही पुरुषांइतक्याच 60 गोळ्या मारायच्या असतात. म्हणजे कस लागतो तो धीराचा.

शालेय स्पर्धांत 'ओपन साइट' आणि 'पीप साइट' असे वेगळे गट असतात. ओपन साइट म्हणजे बंदुकीवर मुळातच असलेली खाच आणि पुढचा काटा. तेव्हा लेकीचा गट कोणता, हे क्रीडाशिक्षकांना किंवा यवतमाळच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी विचारा, मग पाकीट उघडा. ताईंची लेक ओपन साइटमध्ये निघाली. दुर्बीण घेतली असती तर ती नुसती कपाटात पडली असती!

घरच्या सरावासाठी घ्यायचीच असेल तर

काहींना शेतातल्या घरी हौस म्हणून निशाणा साधायचा असतो. तिथे दुर्बीण जरूर घ्या, पण चार गोष्टी बघून.

पहिली, आकडे. '4×32' म्हणजे वस्तू चौपट मोठी दिसणार आणि पुढची काच 32 मिलिमीटरची. दहा-पंधरा मीटरला चौपट पुरे. जास्त मोठं दिसलं की आपल्या हाताचा थरथराटही तेवढाच मोठा दिसतो आणि नवशिकी पोर घाबरते.

दुसरी, जवळचं स्पष्ट दिसतं का? मोठ्या बंदुकांच्या दुर्बिणी साधारण शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. दहा मीटरवर त्यातून धूसर दिसतं, शिवाय डोळा जरा हलला की फुलीसुद्धा निशाणावरून सरकते. म्हणून दहा यार्डांपर्यंत जुळवता येणारी कडी आहे ना, ते दुकानातच फिरवून बघा.

तिसरी, धक्का. स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते. त्याने साधी दुर्बीण आतून खिळखिळी होते. 'एअरगनसाठीची' असं स्पष्ट मागा. बसवायची पकड बंदुकीच्या खाचेच्या मापाची हवी, बहुतेक बंदुकांना 11 मिलिमीटरची लागते. दुर्बीण मागे सरकू नये म्हणून अडसरही लावून घ्या.

चौथी, डोळ्यापासूनचं अंतर. काच डोळ्याला चिकटवायची नसते, साधारण तीन इंच लांब ठेवायची. पोरीचे हात लहान, मान आखूड. म्हणून दुर्बीण तिला खांद्याला बंदूक लावायला सांगूनच बसवा, बाबांच्या मापाने नको.

आणखी एक घरगुती परीक्षा. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटंसं छिद्र करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरच्या कॅलेंडरची एक तारीख बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला तारीख जागेवर दिसते, तो जोराचा डोळा. हात उजवा आणि जोराचा डोळा डावा असेल, तर प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा. पोर मागे का पडते हे कळायला नाहीतर वर्ष जातं. चष्मा असेल तर लावूनच खेळू द्या, त्याला मनाई नाही.

काही नियम मात्र मोडायचे नाहीत. निशाणामागे माती किंवा विटांची जाड भिंत हवी, डोळ्यांवर गॉगल हवा. छरे शिशाचे असतात, सराव झाला की साबणाने हात धुवायचे. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीच बघायचं नाही. आणि पाखरं, वानरं यांच्यावर नेम धरायचा नाही. टिपेश्वर आणि पैनगंगा ही अभयारण्यं आपल्याच जिल्ह्यात आहेत. वन्यजीवांना मारणं 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे, मग बंदूक छऱ्याची का असेना.

चांगली मॅच रायफल लाखाच्या घरात जाते, ती आपल्यापैकी किती जणी घेऊ शकणार? पण सुरुवातीला तिची गरजही नसते. दुर्बिणीचे वाचलेले पैसे छऱ्यांच्या डब्यांवर आणि रेंजवर जायच्या एसटीच्या भाड्यावर खर्च करा. नेम सरावानेच बसतो, आणि तो सराव करायला पोरीला वेळ मिळतोय का, की शाळेतून आली की धुणीभांडी तिच्याच वाट्याला येतात, हेही एकदा घरात बघा.